दहा ते बाराचा पहारा

वीणा गळ्यात असली की शेषेराव अण्णांना घर नसतं. केळीची बाग नसते, पोरं-सुना नसतात, गुडघासुद्धा दुखत नाही. सावरटाकळीच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी सकाळी आठ ते दहा हा पहारा त्यांचा. एकेचाळीस वर्षं झाली, एकदाही चुकलेला नाही. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि गळ्यात आहे तोवर नामाशिवाय अक्षर बोलायचं नाही. असा पहारा ज्यांनी उभं राहून केला आहे त्यांना ठाऊक आहे, आधी पाय बोलतात, मग घर बोलतं, आणि मग कधीतरी सगळ्यांचं बोलणं संपतं आणि तेवढी तार उरते.

अण्णांची मान मात्र थांबत नाही. तार छेडली की ती खालीवर डुलते, अगदी एका लयीत, समोर कुणी असो-नसो.

घरच्यांची चूक इथंच होती, आणि ती जुनी होती. सप्त्याच्या दिवसांत अण्णा दुसरीकडे कुठं सापडत नाहीत, म्हणून ज्याला जे विचारायचं तो मंडपात येऊन विचारायचा, आणि मान हलली की होकार घेऊन निघून जायचा. दोन वर्षांमागं एक दुभती म्हैस अशीच विकली गेली होती. अण्णा पहारा संपवून घरी आले तेव्हा दावं रिकामं होतं.

आज पहिला आला तो थोरला मुलगा, भागवत. लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवतो. मंडपात शिरताना त्यानं बूट काढले, पण फोन कानालाच होता.

"अण्णा, पुनमचं बोलायचं होतं," तो कानाशी येऊन म्हणाला. "आमचे गुरुलिंग सर क्लासचे व्हिडिओ करायला माणूस बघताहेत. पहिल्या आलेल्या पोरांच्या मुलाखती, जाहिराती. ऑफिसात बसून काम, वेळेवर घरी. पुनम म्हणते, अण्णा म्हणतील तसं. सरांना दुपारच्या आत कळवायचंय. हो म्हणू ना?"

मान हलली.

"बस्स!" भागवत खूश होऊन वाकून पाया पडला आणि गेला.

मग गुणाबाई आल्या. अण्णांची बायको, पदर खोचलेला, हाताला बुंदीचं पीठ. "ऐकून राहिले का? काल्याला दही कमी पडतंय. दूधवाल्यानं दगा दिला. समोरच्या घरी दोन घागरी विरजल्यात, पर आपलं त्यांचं बोलणं न्हाई. मागू का?"

समोरचं घर म्हणजे चुलतभाऊ किशनराव, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. बांधावरचा लिंब तोडण्यावरून दोन वर्षं अबोला होता. लिंब अजून उभाच होता, बोलणं तेवढं तुटलं होतं.

मान हलली.

"आता तुमीच म्हणताव म्हणून जाते," गुणाबाई म्हणाल्या. "माझ्या मनानं गेले नसते."

तिसरी पुनम. धाकट्या मुलाची पोर, वय चोवीस, एका खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हाताला खडू. सातवीत असल्यापासून पहाऱ्याचा फळा तीच लिहायची. अक्षर वळणदार म्हणून. फळ्यावर आज एक जागा कोरी होती. दहा ते बारा, काल्याच्या कीर्तनाचा पहारा. हा वीणेकरी महाराजांच्या शेजारी उभा राहतो, सगळं गाव त्याला बघतं. तो मान दरसाल गावातल्या व्यंकटीचा होता, पण काल बागेत पाय घसरून व्यंकटीचा घोटा सुजला होता.

"अण्णा," ती हळूच म्हणाली. "कोऱ्या जागी पिराजीकाकाचं नाव लिहू? कालव्यापलीकडच्या. त्याच्या गळ्यात माळ हाय. लिहू?"

अण्णांना तिन्ही प्रश्न ऐकू आले होते. कानाला काही नेम नसतो. पण त्यांनी ते एका बाजूला ठेवले, चप्पल दाराशी ठेवावी तसे, आणि पुन्हा तारेवर बोट ठेवलं.

मान हलली.

पुनमनं फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं. मग फोन काढला.

*

मंडपामागं तीन चुली पेटलेल्या होत्या. पुनमची आई सिंधू बुंदीच्या झाऱ्याशी बसली होती. तिचा नवरा केळीची गाडी घेऊन हैदराबादच्या वाटेवर होता, त्यामुळं लेकीच्या बाबतीतली सगळी जिम्मेदारी आज तिच्या एकटीच्या डोक्यावर होती.

भागवत हात चोळतच आला. "झालं सिंधूबाई! अण्णांनी हो म्हटलं. आता पोरगी उन्हातान्हात पालापालातून फिरायची नाही."

सिंधूनं झारा कढईवर आपटला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल जरा लाजही वाटली. लेक मोटरसायकलवर कॅमेरा बांधून देगलूरपर्यंत जायची, कुठल्या वस्तीवर जेवायची, कुणाच्या अंगणात झोपायची. लातूरच्या ज्या छोट्या वृत्तवाहिनीसाठी ती काम करायची तिचं ऑफिस म्हणजे एका डाळ मिलच्या वरची खोली. कॅमेरा तिचा, प्रश्न तिचे, जुळवाजुळव तिची, आणि आवाजही तिचाच. कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर सिंधूला नीट सांगताच यायचं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "अण्णा बोलले म्हणजे झालं."

"बोलले?" पुनम मागंच उभी होती. "काका, अण्णा बोलले?"

"म्हणजे... मान हलवली."

"कधी?"

"आत्ता. साडेआठला."

पुनमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "माझ्याही प्रश्नाला हलवली."

"तुझा कसला प्रश्न?"

तेवढ्यात गुणाबाई आल्या. मागं किशनरावांची सून दोन घागरी घेऊन, आणि त्यामागं खुद्द किशनराव, नवं धोतर, कपाळाला बुक्का, चेहरा सणासारखा. दोन वर्षांनी वहिनी दारात आली म्हणून त्यांनी स्वतः घागरीला हात लावला होता.

"वहिनीनं मागितलं आणि आमी न्हाई म्हणू व्हय?" ते म्हणाले. "काला गावाचा हाय. लिंबाचं लिंबाच्या जागी."

"हेनी सांगितलं म्हणून गेले बगा," गुणाबाई म्हणाल्या.

"मोठी माय, तुलाही अण्णांनी सांगितलं?" पुनमनं विचारलं.

"मान हलवली की."

तिघंही एकमेकांकडं बघत राहिले. सिंधूला आधी हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं, पण झारा हातातून सुटला.

"म्हैस," ती म्हणाली. "पुन्हा म्हैस झाली!"

गुणाबाईंनाही फुटलं. भागवतसुद्धा हसणार होता, पण किशनराव आता मंडपातल्या फळ्याकडं बघत होते, आणि त्यांचा सणासारखा चेहरा उतरून गेला होता.

"दहा ते बारा," त्यांनी वाचलं. "पिराजी. कोन पिराजी? ऐरणवाला?"

त्यांनी फळ्याकडं बोट केलं.

"हे कुनी लिवलं?"

"मी लिहिलं," पुनम म्हणाली.

"कमिटी कशाला हाय मग? अध्यक्ष कशाला हाय? काल्याचा पहारा! आजवर कालव्यापलीकडचा मानूस..." ते थांबले. पुढं काय म्हणायचं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. तसा नियम कुणी केलेला नव्हता. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. "मला इचारायचं तरी!"

"पूस ते नाव," भागवत म्हणाला. "पुनम, हेच म्हणतो मी. तुझं काम दाखवायचं आहे ना? मग दाखव. फळा कशाला लिहायला जातेस? उगाच गावाशी हुज्जत."

"पुसते," पुनम म्हणाली. "पण मी त्यांना फोन केलाय."

"मग पुन्हा कर. येऊ नका म्हण."

पुनमनं फोन काढला, पण लावला नाही. कालव्याच्या पुलावरून दोन माणसं येत होती. पुढं पिराजी, अंगात पांढरा सदरा, घडी न मोडलेला, दुकानातून आणलेला तसाच; पायात काही नाही, मंडपात यायचं म्हणून घरूनच अनवाणी निघालेला. मागं धुरपता, हिरवं लुगडं, हातात केळीच्या पानात झाकलेलं काहीतरी.

*

ही दोन माणसं पुनमला भेटली त्याला चार महिने झाले होते. सावरटाकळी आणि आसपासच्या गावांत केळीचे घड ज्या कोयत्यांनी उतरतात ते सगळे पिराजीच्या ऐरणीवरचे. पिराजी चिमट्यानं लाल लोखंड धरतो आणि धुरपता घण मारते. साठीला आलेली बाई, घण उचलते तेव्हा दंडाची शीर दोरीसारखी ताणते. पुनमनं आठ दिवस त्यांच्या अंगणात काढले. भात्याचा आवाज वेगळा घेतला, घणाचा वेगळा, आणि फिल्मला नाव दिलं, 'गावाबाहेरची माणसं'.

धुरपतानं ते फोनवर पाहिलं आणि विचारलं, "गावाबाहेर कोन हाय गं?"

"म्हणजे... तुम्ही. वस्ती."

"आमी तर हितंच हाव," धुरपता म्हणाली. "तीस वर्सं झाली. तुजं घर आमच्या अंगनातून दिसतंय. तू जिथं हुबी ऱ्हायली तिथून आमी भाईर दिसत आसू."

पुनम त्याच रात्री पुन्हा फिल्म घेऊन बसली. तिनं नाव बदललं, सुरुवात बदलली, आपला स्वतःचा निवेदनाचा आवाज काढूनच टाकला. फिल्म निम्मी झाली आणि दुप्पट चांगली झाली. पण धुरपताचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. "हे दावल्यानं काय व्हतंय, बाई?"

फिल्म पाहिली दोन-तीनशे लोकांनी. पुण्याच्या कुणीतरी खाली लिहिलं, खूप सुंदर. कोयत्याचा भाव तोच राहिला, वस्तीचा रस्ता तसाच राहिला. आणि मग काकांनी गुरुलिंग सरांचं काढलं. पुनमनं 'अण्णा म्हणतील तसं' म्हटलं ते शहाणपणानं नव्हे. ती दमली होती. कुणीतरी तिच्यासाठी ठरवावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं.

आता ती पुलाकडं बघत होती, आणि तिला कळत होतं की आपण आणखी वाईट केलंय. ज्या माणसाला कुणी बोलावलं नव्हतं, त्याला आपण बोलावलं, आणि आता आपणच परत पाठवणार.

"आई," ती हळू म्हणाली, "मी क्लासमध्ये जाते. काका बरोबर बोलतात. मला हे काम कळत न्हाई."

सिंधूनं लेकीकडं पाहिलं. इतके दिवस जी गोष्ट तिनं मुद्दाम सांगितली नव्हती, ती आता तिच्या ओठावर आली. सांगितली तर पोरगी पुन्हा उन्हात जाणार. नाही सांगितली तर सावलीत बसून वाळणार.

"अण्णांनी तुझा पिच्चर पाह्यलाय," ती म्हणाली.

"कधी?"

"माझ्या फोनवर. एकदा नव्हं, लई वेळा. तो पिराजी अंगणात हुबा ऱ्हातो बग, तेवढंच परत लाव म्हणायचे. मला ते यंत्र मागं न्यायला जमंना, तर म्हणाले, मग पहिल्यापासून लाव, मला घाई न्हाई."

पुनमला ते दृश्य पाठ होतं. पिराजी सांगतो, एकोणिसाव्या वर्षी माळ घातली. सप्त्याचा भोंगा कालव्यापलीकडं नीट ऐकू येतो. मग काल्याच्या दिवशी तो आंघोळ करून आपल्या अंगणात, ऐरणीशेजारी, दहा ते बारा उभा राहतो. बसत नाही, बोलत नाही. 'हातात वीना न्हाई,' तो तसाच उभा राहून दाखवत म्हणतो, 'पर पहारा हाय.'

"आणि तू मला आत्ता सांगतेस?" पुनम म्हणाली.

"तू बिघडशील म्हणून," सिंधू म्हणाली आणि झारा पुन्हा उचलला. "जा आता. जे निस्तरायचं ते तूच निस्तर. कुणाला पुढं घालू नको."

*

दहाला पाच कमी असताना कीर्तनकार सुदर्शन महाराजांची गाडी आली. टाळकरी दोन रांगांत उभे राहिले, पखवाजाला कणीक लागली, बायकांची बाजू भरली. अण्णा खांबाशी तसेच उभे होते. पिराजी मंडपाच्या कडेला, जिथं सतरंजी संपते आणि माती सुरू होते, तिथं थांबला होता.

किशनराव पुढं झाले. त्यांना तमाशा नको होता. त्यांना फक्त दहा वाजायच्या आत हे मिटवायचं होतं. "दादा," ते अण्णांना म्हणाले. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला. "ते नाव तुमी लिवाय सांगितलं का पोरीनं आपल्या मनानं लिवलं, येवढं एक बोला."

अण्णांनी नाम म्हटलं. मान हलली.

"बगा, पुन्हा!" गुणाबाई बायकांतून म्हणाल्या आणि बायकांत खसखस पिकली.

"वीणेकरी बोलत नसतो, काका," भागवत वैतागून म्हणाला. "आधी वीणा कुणीतरी घ्या, मग विचारा."

"मी घेतो," किशनराव म्हणाले. "अध्यक्ष हाय. द्या."

"माळ कुठाय तुमची?" गुणाबाईंनी विचारलं.

किशनरावांचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. "ती... धुवाया काढली."

"मागच्या साली मेव्हण्याच्या लग्नात काढली ती? दोन पाडवे गेले, अजून धुऊनच राहिले?"

आता पुरुषांची बाजूही हसली. पखवाजवाला तोंड फिरवून हसला. किशनराव स्वतःही जरा हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी टाळकऱ्यांकडं पाहिलं. तिथं माळकरी चार होते. चौघांनीही टाळाच्या दोऱ्या तपासायला घेतल्या.

पुनम सतरंजीच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिला माईक नको होता, तिचा आवाज तसाही सगळीकडं पोचत होता.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "अण्णा कायबी बोलले न्हाईत. मी विचारलं, मान हलली, मला पायजे ते मी ऐकलं. माझ्या धंद्यात याला सगळ्यात मोठी चूक म्हणतात. समोरचा बोलला नसताना त्याच्या तोंडी घालायचं." ती पिराजीकडं वळली. "काका, मी तुमाला कुणाला न विचारता बोलावलं. तुमची माफी मागते. सगळ्यांसमोर बोलावलं, म्हणून सगळ्यांसमोर मागते."

तार तेवढी वाजत होती.

पिराजीनं दोन्ही हात जोडले. त्याच्या बोटांवर ठिणग्यांचे जुने डाग होते. "पोरी, तू फोन केलास, 'अण्णांनी हो म्हटलं' म्हणालीस, तवाच मी वळखलं," तो म्हणाला. "आठ ते दहा अण्णांचा पहारा. वीनेकरी बोलत न्हाई. मग हो कसं म्हनले?"

"मग आलात कशाला?" भागवतनं विचारलं. रागानं नव्हे, त्याला खरंच कळेना.

"तिनं बलावलं की," पिराजी म्हणाला. "बलावणं खोटं नव्हतं, बलावनाऱ्याचं नाव तेवढं चुकलं आसंल. आमी हितं मागं हुबं ऱ्हातो. भोंग्यापेक्षा हितं बरं ऐकू येईल. तुमी चालू करा, माउली. टाइम झाला."

शेषेराव अण्णांना पहाऱ्यात कधी रडू आलं नव्हतं. आताही आलं नाही. पण एकेचाळीस वर्षं जो नियम ते पाळत आले, तो नियम त्यांच्या बायकोला, मुलाला, नातीला, अध्यक्षाला, कुणाला कळला नव्हता. आणि कालव्यापलीकडं ऐरणीशेजारी रिकाम्या हातांनी उभा राहणाऱ्या एका माणसाला पुरता कळला होता. त्यांना फोनमधलं ते अंगण आठवलं. दरसाल दहाला आपण वीणा व्यंकटीच्या गळ्यात देत होतो, तेव्हा तिकडं तो माणूस उभा राहत होता. एकाच पहाऱ्याला दोघं. एकाला वीणा, एकाला नाही.

ते चालू लागले. वीणेसकट, नाम म्हणत, एकेक पाऊल. सतरंजी संपते तिथवर गेले. पिराजी मागं सरकला तर ते आणखी पुढं गेले, मातीत. गळ्यातून वीणा उतरवली आणि पुढं धरली.

पिराजी हललाच नाही. धुरपतानं त्याच्या पाठीत कोपर मारलं. "घ्या की! त्यांचं हात अवघडलं!"

पिराजीनं आधी वीणेला डोकं टेकवलं. मग मान वाकवली, आणि अण्णांनी ती त्याच्या गळ्यात घातली. नियमाप्रमाणं उतरणाऱ्यानं नव्या वीणेकऱ्याच्या पायाला हात लावायचा असतो. गुडघा दुखत होता. आता पुन्हा दुखायला लागला होता. अण्णा वाकले, अनवाणी पायांवर हात ठेवले, आणि पिराजीही वाकला, तेव्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. सगळा मंडप हसला आणि त्या हसण्यातच कुणीतरी विठ्ठलाचा गजर उचलला.

अण्णा सरळ झाले. दोन तासांनी त्यांचं तोंड मोकळं झालं होतं. किशनराव, भागवत, गुणाबाई, पुनम, चौघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"दही आलं का?" अण्णांनी विचारलं.

"आलं," गुणाबाई म्हणाल्या. "किशनरावाच्या घरून. तुमीच मान हलवली."

"मी हलवली?" अण्णा म्हणाले. "बरं केलं मग." ते किशनरावांकडं वळले. "किशन, माळ वाळली का? सायंकाळी माझ्यासंग बस, नवी ओवून देतो. आता टाळ घे, हुबा ऱ्हा. अध्यक्षाचा आवाज लागतो."

किशनरावांना काहीतरी बोलायचं होतं. पण कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिले, आणि हातात टाळ आल्यावर रागावून उभं राहणं जमत नाही. ते पिराजीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. पहिले दोन ठेके चुकले, तिसऱ्याला लागले.

"आणि क्लासचं?" भागवतनं अण्णांची बाही धरली. "मी सरांना सांगून बसलोय. तिचं काय?"

"तिचं तिला विचार," अण्णा म्हणाले. "मी नाम घेत होतो." आणि ते टाळकऱ्यांत जाऊन उभे राहिले.

*

महाराजांनी पहिलं चरण उचललं आणि पुनमनं सवयीनं कॅमेरा बाहेर काढला. उजेड चांगला होता, पिराजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होता. तिनं एका डोळ्यानं बघितलं, आणि शेजारून हिरवं लुगडं चौकटीत आलं.

"दे इकडं," धुरपता म्हणाली.

"काय?"

"ते यंतर. माज्या मालकाला मी घेते. आठ दिस तू घेतलंस, मी तुज्याकडं बगत व्हते कसं घेतीस ते. कुटं दाबायचं?"

पुनमनं लाल बटण दाखवलं. पट्टा तिच्या गळ्यात अडकवला. केळीच्या पानातलं ते झाकलेलं धुरपतानं पुनमच्या हातात दिलं. आत काल्यासाठी घरच्या ज्वारीच्या लाह्या होत्या, अजून कोमट.

कॅमेरा नवख्याच्या हातात थरथरतो. पुनमचा पहिल्या वर्षी इतका थरथरायचा की संपादक म्हणायचे, भूकंपाची बातमी आहे काय. तिनं छोट्या पडद्यावर बघितलं. धुरपताच्या हातातलं चित्र तसूभर हलत नव्हतं. तीस वर्षं घण पेललेले हात होते ते. वीणा होती, पिराजीचे मिटलेले डोळे होते, आणि मागं धूसर, टाळ वाजवणारे किशनराव होते. ही चौकट पुनमला सुचली नसती. ती कायम पिराजीच्या हातांकडं जायची, भाजलेल्या बोटांकडं. त्याची बायको त्याच्या चेहऱ्याकडं गेली होती.

'दावल्यानं काय व्हतंय' या प्रश्नाचं उत्तर पुनमला अजूनही देता आलं नसतं. पण आता तो प्रश्न विचारणारी बाई तिच्याशेजारी उभी राहून स्वतःच दाखवत होती, आणि पुनमला हे सगळं पुन्हा, कालव्यापासून देगलूरपर्यंत, प्रत्येक अंगणात करायची अशी काही तहान लागली होती की तिला हातातल्या लाह्यांचंही भान राहिलं नाही.

खिशात फोन थरथरला. लातूरचा नंबर. गुरुलिंग सर.

तिनं अण्णांकडं बघितलं. ते पुढच्या रांगेत होते, मोकळ्या तोंडानं गात होते; आता विचारलं तर बोलले असते. ती दोन पावलं पुढं गेली. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, डोळे हसले, आणि मान खालीवर, खालीवर, खालीवर डुलत राहिली.

पुनमला हसू आलं. तिनं विचारलं नाही.

सिंधूच्या हातात लाह्या देऊन ती मंडपामागं, केळीच्या घडांच्या ढिगाशी आली, जिथं भोंग्याचा आवाज जरा कमी होता. भागवतकाका तिच्या मागं आले होते, पण चार हातांवर थांबले.

"नमस्कार सर, पुनम बोलते," ती म्हणाली. "हो, गावी आहे. काला चालू आहे... नाही सर. नाही येत मी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पुनमनं एक कान हातानं झाकला.

"नाही नाही, घरच्यांनी नाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मीच म्हणतेय."